ठेवलेली गाठ

पेणच्या सभेचे संयोजक परवा रोह्याला माझ्या घरी येऊन गेले. डॉक्टरांना जाऊन वर्ष होत आले. त्यानिमित्त सभा आहे, रोह्यातर्फे मी दोन शब्द बोलावेत आणि शक्यतो हलकेफुलके बोलावेत, अशी त्यांची विनंती होती. "वकीलसाहेब, ती आजीची आणि मातीच्या गालाची गंमत मीच सांगणार आहे, ती तेवढी सोडा," असेही ते जाता जाता म्हणाले. मी त्यांना चहा दिला. चहा देणे हा शिष्टाचार आहे. ती संमती नव्हे.

ही गंमत पेणमध्ये सगळ्यांना पाठ आहे. ती अशी: डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याच्या गालाचा मातीचा नमुना करीत. जोहे गावच्या एका आजीने असा एक नमुना हात फिरवून गुळगुळीत करून टाकला. डॉक्टर त्या गुळगुळीत नमुन्यावर विसंबले आणि म्हणून एका वकिलाच्या गालात एक गाठ राहून गेली. तो वकील मी. गाल माझा, गाठ माझी. तरीही ही हकीकत सांगणाऱ्यांपैकी एकानेही आजवर मला साक्षीला बोलावलेले नाही. म्हणून मी आपण होऊन उभा राहतो आहे.

प्रथम रोगाविषयी, कारण रोग समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी लाळेची एक ग्रंथी असते. तिच्यात माझ्या ऐन उमेदीच्या काळात सुपारीएवढी गाठ आली. कर्करोग नव्हे, साधी. मुंबईच्या एका सर्जनने ती चटकन काढून दिली आणि मी पेढे वाटले. काही वर्षांनी त्याच जागी मुगाएवढ्या तीन-चार आल्या. त्या दुसऱ्या एकाने काढल्या. या वेळी मी पेढे वाटले नाहीत. मग त्या तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा रोह्यातल्या कुणीतरी मला सांगितले की पेणचे एक विक्षिप्त डॉक्टर दर मंगळवारी पॅसेंजरने इथे येतात आणि माणसांच्या माना बघत बसतात, त्यांना दाखवा.

त्यांनी माझे नाव विचारले नाही. व्यवसाय विचारला, माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि डाव्या गालावर तीन बोटे ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले. ती बोटे हलत आहेत की नाहीत हेही कळत नव्हते. बऱ्याच वेळाने ते खिडकीलाच म्हणाले, "पहिल्यानं वाटाणा काढताना शेंग फोडली. दुसऱ्यानं सांडलेले दाणे वेचले. आता मी काय करू? शेत नांगरू?"

मी विचारले, साधी गाठ आहे ना? तेव्हा ते माझ्यासमोर येऊन बसले. "वकीलसाहेब, कॅन्सर म्हणजे दरोडेखोर. ही गाठ तशी नाही. ही भाडेकरू. शांत, सभ्य, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नाही. फक्त जागा सोडत नाही, आणि हळूहळू पोटभाडेकरू ठेवते. तुमच्या कोर्टात असा भाडेकरू काढायला किती वर्षं लागतात?"

मी म्हटले, कधी कधी वारसांपर्यंत जाते.

"इथेही तसंच आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

त्यांना देवमाणूस म्हणणारा एक पक्ष आहे. त्या पक्षाने त्यांना कधी जवळून पाहिले असेल असे मला वाटत नाही. देवमाणूस समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो. हे गृहस्थ कुणाच्याही डोळ्यांत पाहत नसत; त्यांची नजर हनुवटीच्या खाली सुरू होई आणि गळपट्टीशी संपे. नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. "उजवा कान, नागोठणे" किंवा "गळ्याचा मध्य, वडखळ" अशी त्यांच्या मनात माणसांची नोंद असे. लग्नाला बोलावले तर मंगळसूत्र बांधण्याच्या वेळी पुढे सरकत, कारण तेव्हा वधू मान वाकवते. एकदा एका वरबापाला त्यांनी तिथल्या तिथे सांगितले की सूनबाईचा गळा दाखवून घ्या. तो वरबाप पुढे जन्मभर त्यांच्याशी बोलला नाही. सूनबाई मात्र बोलत असे. तिच्या गळ्यातली गाठ त्यांनीच काढली.

दुसरा पक्ष त्यांना वेडा म्हणतो आणि पुरावा म्हणून कोलाडची हकीकत देतो. हायवेवरच्या एका खानावळीत डॉक्टरांनी एका अनोळखी टेम्पोवाल्याचा गळा धरला. त्याने त्यांच्या मुस्कटात मारली आणि चष्मा फुटला, अशी ती हकीकत आहे. मी त्या टेबलावर होतो. घडले ते असे. टेम्पोवाला मिसळ खात होता. डॉक्टर स्वतःचा घास तोंडात तसाच ठेवून उठले, त्याच्या मागे गेले आणि त्याच्या जबड्याखाली बोट लावले.

"ओ, काय करताव? गळा दाबताव काय?" तो ओरडला.

"खाताना फुगतं का हे? आणि खाऊन झालं की बसतं?"

तो माणूस पाव हातात धरून थांबला. "व्हय. तुमाला कुनी सांगितला?"

डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ चाचपले आणि त्यांचा चेहरा पडला. "खडा आहे. लाळेच्या नळीत. गाठ नाही," ते म्हणाले.

"गाठ असती तं बरा वाटला असता काय तुमाला?" टेम्पोवाल्याने विचारले. सगळी खानावळ हसली. डॉक्टर हसले नाहीत. प्रश्न त्यांना रास्त वाटला असावा. त्यांनी त्याला पेणला यायला सांगितले, आणि तो आलाही. मुस्कटात कुणी मारले नाही. चष्मा फुटलेलाच होता. त्याची एक काडी कित्येक वर्षे दोऱ्याने बांधलेली होती, हे त्यांना पाहिलेला कोणीही सांगेल.

त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटावेत असे आवाज येत. चेहऱ्याची नस त्या लाळेच्या ग्रंथीतून जाते आणि तिथे तिच्या फांद्या फुटतात: एक डोळा मिटते, एक गाल फुगवते, एक खालचा ओठ ओढते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर या फांद्या तपासायच्या म्हणून ते रोग्यांना डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला आणि शीळ घालायला लावत. खाडीकडच्या गावांतल्या बायकांची तिथे पंचाईत होई. मिठागरावर काम करणारी एक बाई बाहेर येऊन शेजारणीला सांगत होती, "गो, मला शील घालाय सांगतंय. माज्या सासूच्या कानाव गेला तं ती मला घरात घील काय?" डॉक्टरांनी ते ऐकले असावे. त्या दिवसापासून बायकांचा नंबर आला की ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करीत. "मी बघत नाही. तुम्ही घाला. मला ऐकूनच कळतं," असे म्हणत. आणि त्या बायका, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटच्यांदा, त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीसाठी शीळ घालत.

रोग्याला 'तुम्ही बरे झालात' असे त्यांनी कधी सांगितले नाही. "गेली का हो गाठ?" असे कुणी विचारले की त्यांचे ठरलेले उत्तर असे: "सध्या नाही." यावरून लोक चिडत. माझी पत्नी तर एकदा त्यांना घरी जेवायला बोलावून, पानात मोदक वाढून, सरळ म्हणाली की माणसाला धीर द्यायला काय हरकत असते? त्यांनी मोदक फोडला, त्यावर तूप घेतले आणि म्हणाले, "वहिनी, धीर दिला की माणूस यायचा बंद होतो. मला तो यायला हवा असतो." तिने त्यांना आणखी एक मोदक वाढला. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. पण जाईपर्यंत दर वर्षी माझ्या तपासणीच्या मंगळवारी तीच मला आठवण करी.

आता मातीविषयी.

जेव्हा गाठ एक असते तेव्हा तिचे चित्र कागदावर काढता येते. पुन्हा पुन्हा आलेल्या गाठी द्राक्षांच्या घडासारख्या पसरतात. कोणती वर, कोणती खोल, हे कागद सांगत नाही. पेणला राहणाऱ्या माणसाने यावर जो उपाय शोधावा तोच त्यांनी शोधला. जोह्यातल्या एका गणपतीच्या कारखान्याचा मालक त्यांचा जुना रोगी होता. त्याच्याकडे बसून ते शाडूच्या मातीत रोग्याचा गाल घडवीत. मलाही त्यांनी तिथे नेले. रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगांमध्ये एका फळीवर मी बसलो. त्यांचा डावा हात माझ्या गालावर, उजवा मातीवर, डोळे मिटलेले. डावी बोटे जे सांगत ते उजवी बोटे घडवीत. मुगाएवढी गाठ लागली की मातीत मुगाएवढी गोळी, वाटाण्याएवढी लागली की वाटाण्याएवढी. माझा गाल असा दुसऱ्या हाताखाली तयार होताना पाहणे हा अनुभव मी कुणाला समजावून देऊ शकणार नाही. ओल्या फडक्याने झाकून तो नमुना फळीवर ठेवला आणि आम्ही पेणला परतलो.

दुसऱ्या दिवशी तो आणायला गेलो तर मालकाची चुलती, सत्तरी उलटलेली, तिथे बसली होती. तिने सारा जन्म गणपतीच्या गालांवर पाण्याचा हात फिरवण्यात घालवला होता. जिथे उंचवटा दिसेल तिथे तिचा अंगठा आपोआप जाई. त्यात तिचा विचार नसे. तिने फडके उचलले होते, गालावर फोड दिसले होते आणि तिच्या हाताने आपले काम केले होते. माझा गाल आता सुंदर होता. इतका सुंदर तो मी तरुण असतानाही नव्हता.

कारखान्याचा मालक शरमेने काळवंडला. म्हातारी मात्र म्हणाली, "डाक्टर, गाल असा खडबडीत कसा ठेवाचा? मी सारका केलाय. आता बगा, कसा देवावानी दिसतंय."

डॉक्टरांनी तो गाल दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे धरला आणि तिला खरोखर आदराने म्हणाले, "आजी, तुम्ही हाताने केलंत ते मला सुरीनं जमलं तर पुष्कळ."

सभेत सांगितली जाणारी हकीकत इथे संपते. सत्य इथे संपत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला पुन्हा खुर्चीवर बसवले आणि एकेक गाठ पुन्हा चाचपून त्वचेवर जांभळ्या औषधाचे ठिपके काढले. मी आरशात पाहिले तेव्हा माझा गाल गोंदल्यासारखा दिसत होता. तो मातीचा गाल त्या खोलीत नव्हताच. तो त्यांच्या घरी, पुस्तकांच्या फळीवर होता. ज्या नकाशाने त्यांची दिशाभूल केली असे म्हणतात, तो नकाशा त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

मग गाठ राहिली कशी, असा प्रश्न विरुद्ध पक्ष विचारील. विचारावा. तो महत्त्वाचा प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या मंगळवारी मी रोह्याच्या कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. मध्येच लक्षात आले की मागच्या बाकावर डॉक्टर बसले आहेत. त्यांना ना त्या जमिनीत रस होता ना त्या साक्षीदारात. ते माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. न्यायाधीशांनीही ते पाहिले आणि हे गृहस्थ कोणत्या पक्षाचे, असे विचारले. मी म्हटले, माझ्या पक्षाचे. कोर्ट उठल्यावर आम्ही कुंडलिकेच्या काठाने चालत गेलो. भरतीचे पाणी चढत होते.

"तुम्ही कायद्यानं जिंकत नाही. तुम्ही खालच्या ओठानं जिंकता," ते म्हणाले.

मी रागावलो. माझे कायद्याचे ज्ञान त्या काळी जिल्ह्यात वाखाणले जात असे.

"रागावू नका. साक्षीदार खोटं बोलला की तुम्ही बोलत नाही. डावीकडचा ओठ जरा खाली ओढता आणि थांबता. तो घाबरून आणखी बोलतो." मग ते म्हणाले, "एक गाठ त्या ओठाच्या नसेवर बसली आहे. बोटाला तसं लागतंय. ती काढली तर नस जाईल असं मला वाटतं. ओठ कायमचा लटकेल. ठेवली तर ती आज ना उद्या वाढेल. तुम्ही सांगा."

मी त्यांना विचारले की त्यांचा सल्ला काय.

"सल्ला द्यायचा असता तर कोर्टात कशाला आलो असतो? मी बघायला आलो होतो, त्या ओठाचं तुम्ही करता काय."

मी नदीकडे पाहिले. मी म्हणालो, ठेवा. अजून वीस वर्षे मला हा ओठ लागेल.

"मग ती वाढली की दोष कुणाला?"

"कुणालाच नाही."

"तुम्ही देणार नाही. गाव देईल."

"गावाशी मी बोलेन."

तेव्हा ते थांबले आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. "नको. तुम्ही माझी बाजू मांडायला उभे राहिलात की लोक समजतील, आरोप आहे."

त्यांनी माझ्याकडून तसे वचन घेतले. मला ते मान्य नव्हते, पण पक्षकाराची इच्छा वकिलाला बांधून घेते. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलो तेव्हा ते उशाशी होते. "बाकीच्या गेल्या. एक ठेवली आहे. ती उठली असती तर तुमचा ओठ बसला असता. शीळ घाला," ते म्हणाले. मी घातली. मला ती नीट जमली नाही, पण त्यांचा चेहरा उजळला. त्यांना इतके आनंदी मी पुन्हा कधी पाहिले नाही.

पुढे काही वर्षांनी ती बोटाला लागण्याइतकी झाली. माझ्या एका नातलगाने मला मुंबईला दाखवायला नेले. तिथल्या डॉक्टरने नुसते म्हटले की आधीच्याची एक राहून गेलेली दिसते. नातलगाला तेवढे पुरले. ते वाक्य पेणला पोचले, तिथे जोह्याच्या आजीची गोष्ट आधीपासून तयार होतीच, आणि दोन्ही मिळून ती गंमत झाली. मी दवाखान्याच्या वर्धापनदिनाला हजर होतो; तिथे एकाने ती भरसभेत सांगितली, डॉक्टर समोर बसलेले असताना. सगळे हसले. डॉक्टरही हसले, आणि उठून म्हणाले, "खरं आहे. आजींचा हात माझ्यापेक्षा साफ." टाळ्या पडल्या. माझ्या हातातला पेला मी टेबलावर आदळला असेन, कारण शेजारचे वळून पाहू लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित हलवली: बसा. मी बसलो. साऱ्या कारकिर्दीत ज्या न्यायाधीशांनी मला बसायला लावले त्यांतल्या एकाचाही मला इतका राग आला नव्हता.

त्यांनी तो भार का वाहिला, हे मी त्यांना विचारले. त्यांनी चहा मागवला. मंगळवार येत राहिले. दुपारची पॅसेंजर रोह्याला लागली की मी स्टेशनवर जाई. पुढे पुढे रोगी कमी झाले, मग दवाखाना बंद झाला, तरी ते येत. आम्ही कोर्टामागच्या हॉटेलात चहा घेत असू. ते माझ्या डाव्या बाजूला बसत. बोलता बोलता त्यांची तीन बोटे माझ्या गालावर येत, खिडकीबाहेर पाहत ते चाचपत, आणि विषय न तोडता "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये मला एक वर्ष मिळे. आता तीन बोटे माझीच असतात. मला त्यांतले काही कळत नाही. आपला गाल आपल्याला कळण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, हे मला वयाच्या या टप्प्यावर समजले आहे, आणि ज्याचा हात लागे तो माणूस नाही. मंगळवारी मी अजूनही स्टेशनवर जातो. गाडी येते, कंपनीच्या शिफ्टची माणसे उतरतात, कॉलेजची मुले उतरतात. फलाट रिकामा होईपर्यंत मी थांबतो. मुलगा म्हणतो, बाबा, कशाला जाता? फिरायला, असे मी सांगतो. फिरायला नदीकाठ आहे, हे त्यालाही माहीत आहे.

या वर्षी ती गाठ वाढली. मुलाने मला पनवेलला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी स्कॅन केला. मला वाटले, ही मुलगीही तेच म्हणेल, आणि मी वाद घालायच्या तयारीने खुर्चीत ताठ बसलो.

"काका, ही आधीच्या सर्जननं काढली नव्हती?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "ती राहिलेली नाही. ठेवलेली आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, पण..."

"विश्वास कशाला? दिसतंय ना." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या सावल्यांच्या मधोमध, गाठीच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा शुभ्र ठिपका होता. "ही धातूची क्लिप आहे. रक्तवाहिनीवर नाही, गाठीच्या काठाला मुद्दाम लावलेली आहे. नस इथून जाते, ही खूण. सर्जन स्वतःसाठी अशी खूण ठेवत नाही, काका. त्याच्या बोटांना ते माहीतच असतं. ही पुढच्यासाठी असते." त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवले. "म्हणजे माझ्यासाठी."

डॉक्टरांनी मला हे कधी सांगितले नव्हते. इतके मंगळवार, इतका चहा, गालावर इतक्या वेळा बोटे, आणि त्या बोटांखाली स्वतःच ठेवलेली ती खूण, तरी एका शब्दाने नाही. वीस वर्षांपूर्वी, मी टेबलावर बेशुद्ध असताना, आपण नसू तेव्हाच्या एका दिवसाचा त्यांनी विचार करून ठेवला होता. त्या दिवशी माझा गाल कुणा अनोळखी हातात असेल, म्हणून त्या हाताला वाट सांगून ठेवली होती. त्या मुलीने माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला आणि बराच वेळ स्कॅनकडेच पाहत राहिली. तिचे मी आभार मानतो.

मग ती कामाचे बोलू लागली. या खुणेमुळे नस वाचवण्याची शक्यता पूर्वीपेक्षा चांगली आहे. तरी गाठ तिला चिकटली आहे, ओठ कमजोर होऊ शकतो, हे मी समजून घ्यावे. पुढच्या गुरुवारी जागा आहे. भरती होता का?

माझ्या वकिलीचा आता प्रश्न नाही. कोर्टात जाणे मी केव्हाच सोडले. ओठ लटकला तर चहा सांडेल, एवढेच. पण डॉक्टरांनी मला घातलेली मनाई त्यांच्याबरोबर संपली, असा मी कायद्याचा अर्थ लावतो. पक्षकार गेला की वकीलपत्र संपते. अर्थ चुकत असेल तर भेटल्यावर युक्तिवाद करू. मला त्या युक्तिवादाची घाई नाही आणि भीतीही नाही.

मी तिला म्हणालो, गुरुवार नको. त्यानंतरच्या रविवारी पेणला सभा आहे. सोमवारचे बघा.

"सभा टाळता नाही येणार?" तिने विचारले.

मी म्हणालो, "नाही. त्या दिवशी मला ओठ लागेल."